सायलेन्सरचा पाइप गाडीखालून नेताना: गार गाडीत दिसतं ते अंतर खरं नसतं

मे महिन्यात आम्ही पाच जण गोव्याहून परत येत होतो. डिकी सामानाने गच्च. केरीपासून चोर्ला घाट चढून कणकुंबीजवळ आलो तोवर गाडीत जळक्या प्लास्टिकचा वास भरला होता. बाजूला घेऊन खाली वाकून पाहिलं, तर हँडब्रेकच्या केबलचं वेष्टण सायलेन्सरच्या पाइपला चिकटून वितळलं होतं. काळे तंतू लोंबत होते आणि आतली तार उघडी पडली होती. तो पाइप मीच आखला होता. बसवला त्या दिवशी केबल आणि पाइप यांच्यात दोन बोटं आरामात जात होती, आणि तेवढ्यावर मी समाधान मानलं होतं.

चूक कुठे झाली ते नंतर पिटमध्ये उतरल्यावर कळलं. पाच माणसं आणि सामान बसल्यावर मागचा अ‍ॅक्सल वर आला, केबलचा झोल वाढून ती खाली लोंबली. वरून घाटात पाइप तापून लांबला आणि त्याचं वळण नेमकं केबलच्या दिशेने सरकलं. रिकाम्या, गार, उभ्या गाडीत जे अंतर होतं ते भरलेल्या, तापलेल्या, हलत्या गाडीत उरलंच नाही. पुढे जे लिहितोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे. आपल्याकडे बेळगावच्या उद्यमबागेत काम करणारे हात उत्तम आहेत, पण पाइप कुठून जाणार हे गाडीच्या मालकालाही कळलं पाहिजे.

कटर लावण्याआधी कायदा

1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्यामुळे हात घालण्याआधी आरटीओत विचारून घ्या. केंद्रीय नियम सगळीकडे सारखेच आहेत. केए-22 ची, म्हणजे बेळगावची गाडी चंदगडला गेली, कोल्हापूरला गेली किंवा गोव्यात उतरली, तरी त्यातून सुटका नाही.

1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतले तीन नियम थेट या कामाचे आहेत. नियम 112 प्रमाणे धूर खाली जमिनीकडे किंवा डाव्या बाजूला सोडायचा नाही. तो उजवीकडे किंवा मागे गेला पाहिजे. आपण रस्त्याच्या डावीकडून चालवतो, म्हणजे पायी चालणारी माणसं डावीकडे असतात. नियम 113 प्रमाणे सायलेन्सरचा पाइप इंधनाच्या नळीपासून 35 मिमीच्या आत असता कामा नये. आणि नियम 120 प्रमाणे आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. मधला मफलर काढून सरळ पाइप टाकायचा बेत असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. रात्री अकरा वाजता टिळकवाडीतून जाणाऱ्या तसल्या गाडीने झोपलेली लेकरं दचकून उठतात, हे मी घरात बघतो.

कॅटलिटिक कन्व्हर्टरलाही हात लावू नका. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत त्याच्या पुढे-मागे ऑक्सिजन सेन्सर असतात. कन्व्हर्टर काढला की डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो आणि पीयूसी अडतं. आपण इथे बोलतोय ते कन्व्हर्टरच्या मागच्या भागाबद्दल, म्हणजे मधला पाइप, रेझोनेटर (आवाज कमी करणारा मधला छोटा डबा), मफलर आणि शेपटाकडचा पाइप.

पाइप कोणता घ्यायचा

मोठा पाइप म्हणजे जास्त ताकद हा समज मनातून काढून टाका. बाराशे सीसीच्या साध्या पेट्रोल इंजिनला 63 मिमीचा पाइप लावला तर गॅसचा वेग पडतो आणि खालच्या गिअरमधली ओढ कमी होते. अशा इंजिनाला मूळ मापाच्या जवळच राहा. फार तर एक पायरी वर, 45 ते 50 मिमी. टर्बो असेल तर गणित वेगळं.

धातूत तीन पर्याय असतात. साधं माइल्ड स्टील स्वस्त पडतं, कुणीही वेल्ड करतो, पण आतून सडतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. रोज अनगोळहून खडेबाजारपर्यंत जाऊन यायचं असेल, तर पाइप पुरता तापतच नाही आणि ते पाणी मफलरमध्ये साचतं. 409 स्टेनलेस हा मधला मार्ग आहे. गाड्यांचे कारखाने बऱ्याचदा तेच वापरतात. 304 सर्वांत टिकाऊ, पण तापल्यावर सर्वांत जास्त लांबतं. त्याचा हिशोब पुढे येतोच.

पाण्याचा जीआय पाइप कधीही वापरू नका. घरी उरलेला तुकडा आहे म्हणून लावून टाकणारे मी पाहिलेत. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंगच्या आचेला जस्ताचा पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे.

वळणं मँड्रेलवर, म्हणजे पाइपाच्या आत आधार घालून वाकवलेली घ्या. साध्या प्रेसवर वाकवलेला पाइप वळणात चपटा होतो आणि तिथेच गॅस अडतो.

गाडीखाली शिरण्याआधी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. पिट असेल तर उत्तम. नसेल तर चारही बाजूंना जॅकस्टँड, खाली पक्की फरशी, आणि गाडी अर्धीच उचलली असेल तर जमिनीवरच्या चाकांना ओट, म्हणजे अडसर. सिमेंटचे ब्लॉक किंवा विटांचा थर चालत नाही, कारण त्या वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात. गाडी ठेवल्यावर तिला अंगाचा जोर लावून ढकलून पाहा. हलली तर परत उतरवा. इंजिन बंद करून निदान दोन तास झाल्याशिवाय पाइपला स्पर्श नको.

मार्ग आखणं: इथे घाई करायची नाही

माझ्या मते या कामातला निम्मा वेळ इथेच गेला पाहिजे, पाइप कापण्याआधी.

आधी गाडीखालचं सगळं ओळखा. इंधनाची नळी आणि टाकी, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि चाकाकडे जाणारे रबरी होज, हँडब्रेकच्या केबली, एबीएसच्या वायरी, सस्पेन्शनचे रबरी बुश, पुढच्या शाफ्टचे बूट, मागच्या चाकावर चालणारी गाडी असेल तर प्रोपेलर शाफ्ट, आणि स्टेपनीचा खड्डा. सीएनजी असेल तर सिलिंडरकडून येणारी नळीही. प्रत्येकावर रंगीत टेपचा तुकडा चिकटवा. पाइपाचं माप घ्यायला आठ मिमीची मऊ सळई वाकवून साचा करा. तो साचा घेऊनच वाकवणाऱ्याकडे जा, तोंडी सांगू नका.

मी ठेवतो ती अंतरं अशी. इंधनाची नळी आणि टाकी यांच्यापासून 50 मिमी आणि मध्ये पत्रा. कायद्याचे 35 हे किमान आहेत, तिथे थांबायचं नसतं. टाकी प्लास्टिकची असेल तर जास्त सोडा, कारण ते प्लास्टिक 130 अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याआधी बराच वेळ मऊ पडलेलं असतं. ब्रेकचे होज आणि वायरी यांना 75 मिमी. डॉट 3 ब्रेक ऑइल नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी शोषलं की हाच आकडा 140 वर येतो. नळीत ऑइल उकळलं की बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. घाट उतरताना असं झालं तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. रबरी बुश आणि बुटांना 50. तळाच्या पत्र्याला 25 पुरतात.

आता ही अंतरं गार गाडीत मोजून उपयोग नाही, त्यात लांबणं मिळवावं लागतं. इंजिनपासून बंपरपर्यंत तीन मीटरचा पाइप धरा. तो सरासरी 300 अंशांनी तापला तर माइल्ड स्टीलचा पाइप साधारण 11 मिमी लांबतो, 304 चा 15 मिमीहून जास्त. पुढचं टोक इंजिनला धरलेलं असतं, म्हणून ही सगळी वाढ मागे सरकते, आणि वळण असेल तर आडवी जाते. उद्यमबागेतल्या ज्या वेल्डरने माझा पाइप दुसऱ्यांदा केला, त्यांनी मराठी-कन्नड मिसळून एवढंच सांगितलं: "पाइप तापला की लांबतोय बघा मालक, स्वल्प जागा बिड्री." थोडी जागा सोडा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मी आता 20 मिमी जादा सोडतो.

तिसरी गोष्ट हालचाल. त्यासाठी मी खानापूरची कुंभारमाती वापरतो. तिकडच्या मातीची भांडी आणि कौलं आपल्याला माहीत आहेतच. ती माती चिकट आणि मऊ असते, सहज मिळते. नसेल तर घरातली कणीक घ्या. लिंबाएवढे गोळे करून पाइप आणि आजूबाजूचे भाग यांच्यात, जिथे शंका आहे तिथे, पाइपावर दाबून बसवा. त्यावर तेलाचं बोट फिरवा, म्हणजे दुसऱ्या बाजूला चिकटणार नाही. पाइप फक्त टाक्यांवर, म्हणजे वेल्डिंगच्या तात्पुरत्या ठिपक्यांवर उभा असला तरी चालेल, पण इंजिन सुरू करायचं नाही. जॅकस्टँड काढून गाडी खाली घ्या, पाच माणसं बसवा, डिकीत सिमेंटची दोन पोती ठेवा, आणि मागचा बंपर दोघांनी मिळून जोराने वरखाली दाबा. माणसं उतरवून गाडी परत उचला, गोळे सोडवून सुरीने मधोमध कापा आणि जाडी मोजा. जिथे गोळा दबून 30 मिमीच्या (इंधनाच्या नळीजवळ कायद्याच्या 35 च्या) खाली आला, तिथे पाइप हलवायचा. उभ्या गाडीतली वरची अंतरं तर पाळायचीच. अ‍ॅक्सलच्या वरून जाणाऱ्या पाइपला ही कसोटी सोडूच नका आणि तेवढ्यावर थांबूही नका, कारण खड्ड्यात अ‍ॅक्सल वर उसळतो तेवढं बंपर दाबून येत नाही. शक्य असेल तर स्प्रिंग काढून, जॅकने अ‍ॅक्सल रबरी थांब्याला टेकेपर्यंत वर घेऊन पाहा.

खालच्या बाजूचं मापही भरलेल्या गाडीतच घ्या. पाइप हा गाडीचा सर्वांत खालचा भाग असता कामा नये. क्रॉसमेंबर, म्हणजे गाडीखालचा आडवा लोखंडी तुळवा, त्याच्या खाली असला पाहिजे. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, त्यावरून गाडी सहज जाते. आपल्या गावांत जे असतात ते आखूड आणि उभे. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलींनी रस्त्याला पाडलेल्या चाकोऱ्या निपाणी-चिकोडीकडे पाहिल्यात ना? त्यांच्यामधला उंचवटा थेट मफलरवर येतो. म्हणून मफलर आडवा, चपटा घ्या आणि फ्लँजचे, म्हणजे पाइप जोडणाऱ्या चकत्यांचे बोल्ट खाली डोकावू देऊ नका.

टांगणं

पाइप गाडीला घट्ट बांधायचा नसतो, टांगायचा असतो. आडवं बसवलेलं इंजिन अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागे-पुढे डोलतं. ती हालचाल गिळायला इंजिनच्या जवळ लवचिक जाळीचा तुकडा हवा. तो बसवताना ताणायचा नाही आणि वाकवायचाही नाही, सरळ राहिला तरच टिकतो. त्याच्या मागे लगेच एक हँगर. 51 मिमीचा, दीड मिमी जाडीचा पाइप मीटरला सुमारे 1.8 किलो भरतो, वर मफलरचं वजन. हे सगळं जाळीवर लोंबलं तर काही महिन्यांत ती फाटते.

हँगर मफलरच्या दोन्ही टोकांना घ्या आणि शक्यतो कंपनीच्याच जागा वापरा. रबराला पाइपाची धग लागू नये म्हणून दांडी लांब ठेवा. पाइप गार असताना रबर किंचित पुढे कललेलं ठेवलं, तर तापून पाइप मागे सरकला की ते सरळ होतं. रबराऐवजी तारेने बांधलेला पाइप मला दिसला की मी थांबून मालकाला सांगतो. तार घासून तुटते आणि पाइप हायवेवर मागच्या मोटारसायकलसमोर पडतो.

आच अडवणं

जिथे अंतर कमी पडतं तिथे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा लावा, पण तो तळाला चिकटवू नका. मागे 10 मिमी हवा राहिली पाहिजे, खरं काम ती हवाच करते. कंपनीचे पत्रे काढले असतील तर ते परत बसवा. पुष्कळ जण सैल झाल्यावर खडखडतात म्हणून फेकून देतात.

पाइपाला गुंडाळायची पट्टी गाडीखाली नको. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तिच्यात मुरतो, ती ओली राहते आणि आतला पाइप सडतो, वरून काहीच दिसत नाही. जुन्या दुकानांत अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी मिळाली तर तिला हातही लावू नका. तिचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो.

वेल्डिंग

गाडीखाली फक्त टाके मारायचे. पूर्ण वेल्डिंग पाइप उतरवून टेबलावर. टाके मारण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, ऑक्सिजन सेन्सरचे प्लग सोडवा, आणि वेल्डिंगची अर्थ त्याच पाइपावर, टाक्याच्या जवळ लावा. अर्थ चेसिसला दूर कुठेतरी लावली तर करंट बेअरिंगमधून किंवा ईसीयूमधून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधून वाट काढतो. टाकीजवळ टाका मारायचाच नाही, तिथलं माप घेऊन बाहेरच जोडा. ओलं गोणपाट आणि अग्निशामक हाताशी, आणि एक माणूस फक्त ठिणग्यांवर लक्ष ठेवायला. सीएनजीची गाडी असेल तर आधी अधिकृत माणसाकडून गॅस बंद आणि नळी रिकामी करून घ्या.

स्टेनलेसला आर्गन वेल्डिंग करा आणि पाइपाच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा, नाहीतर आतल्या अंगाला काळा, खरबरीत थर धरतो. 304 आणि माइल्ड स्टील जोडायचं असेल तर 309 ची फिलर. एकात एक सरकणारा सांधा असेल तर इंजिनकडचा पाइप आत आणि मागचा बाहेर, म्हणजे गॅस सांध्याच्या फटीकडे वळत नाही. सेन्सर ज्यात बसतो ते बुच पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात, तिरकं बसवा. खाली बसवलं तर साचलेलं पाणी सेन्सरवर जाऊन तो तडकतो. मफलरच्या सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी निथळायला 3 मिमीचं भोक ठेवा.

शेवटचं टोक

पाइप बंपरच्या बाहेर निघाला पाहिजे, बंपरच्या खाली संपता कामा नये. चालत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि धूर परत गाडीकडे ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त घट्ट धरतो. माणूस आधी सुस्तावतो, डोकं दुखतं, आणि प्रवासाचा थकवा म्हणून सोडून देतो. म्हणून माणसं बसतात त्या भागाखाली शक्य तितके कमी सांधे ठेवा, डिकीचं रबर तपासा, आणि तळाच्या पत्र्यातली रबरी बुचं जागेवर आहेत ना ते बघा.

तपासणी

गळती शोधायला व्हॅक्युम क्लिनरची हवा उलटी करून शेपटाच्या पाइपात सोडा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. बुडबुडा आला तर तिथे परत वेल्डिंग. मग पहिली फेरी जवळची घ्या. नवा पाइप पहिल्यांदा तापताना तेल जळून थोडा धूर येतो, तो दहा-पंधरा मिनिटांत थांबला पाहिजे. शंभर किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प परत आवळा.

त्यानंतर कोरड्या दिवसांत एकदा गाडी भरून जांबोटीच्या बाजूच्या कच्च्या रस्त्याने नेऊन आणा. तिथली तांबडी धूळ गाडीखाली सगळीकडे बसते. घरी येऊन न धुता टॉर्च घेऊन खाली शिरा. तांबड्या धुळीत जिथे काळा फराटा दिसेल तिथे गॅस गळतोय. जिथे नाण्याएवढा चकचकीत ठिपका दिसेल तिथे दोन धातू घासतायत. जिथे धूळ भाजून करडी, भुकटीसारखी झालीय आणि शेजारी प्लास्टिक आहे, तिथे पत्रा हवा. माझ्या गाडीत दुसऱ्या पाइपानंतरही मागच्या क्रॉसमेंबरवर असा एक ठिपका सापडला. हँगरची दांडी बोटभर वाकवली आणि तो गेला.

उसाच्या हंगामात गाडी पाचटावर किंवा वाळल्या गवतावर लावू नका. घाट किंवा हायवे करून आल्यावर कॅटलिटिक कन्व्हर्टर शेकडो अंश तापलेला असतो, आणि तो पुढे असला तरी त्याच्या मागचा आपला पाइपही वाळलेली पात पेटवायला पुरेसा गरम असतो. फडात जायचं असेल तर गाडी बांधावर नको, रस्त्यावर लावून चालत जा. पावसाळा संपला की मफलरच्या त्या 3 मिमीच्या भोकात तार घालून चिखल काढा आणि हँगरची रबरं बोटांनी ताणून बघा. भेग दिसली की चारही एकदम बदला.